सांगता न येणाऱ्या दुखण्याची दखल

प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी निवासी संस्था निवडताना काय पाहावे, काय विचारावे आणि कोणती तयारी आधीच करून ठेवावी?

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यांपैकी काहींच्या सोबत चाळिशी-पंचेचाळिशीतला मुलगा किंवा मुलगी असते. रक्तदाब तपासायचा असतो आईवडिलांचा. पण त्यांचे निम्मे लक्ष शेजारच्या खुर्चीकडे असते. औषधे लिहून झाली, पुढची तारीख ठरली, की वडील घसा खाकरतात आणि कित्येक वर्षे मनात घोळत असलेला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, आमच्यानंतर याचं काय?"

हा प्रश्न नवा नाही. मात्र आज तो पूर्वीपेक्षा अधिक घरांत विचारला जातो, आणि त्यामागे एक चांगली गोष्ट आहे. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे आयुष्य वाढले आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३च्या सुमारास अवघे २५ वर्षांचे होते. आज ते ६० वर्षांच्या आसपास पोहोचले आहे. हृदयातील जन्मजात दोषांवरील शस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि घरच्यांनी केलेली निगुतीची देखभाल यांचे हे फळ आहे. पण त्यामुळेच पंचाहत्तरीची आई अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलाला आंघोळ घालते आहे, हे दृश्य आता अपवादात्मक राहिलेले नाही.

एकत्र कुटुंबात ही जबाबदारी काका, भाऊ, वहिनी यांच्यात वाटली जाई, असे आपण म्हणतो. ते अंशतःच खरे आहे. काही घरांत प्रेमाने सांभाळ झाला, तर काही घरांत माजघरातला एक अंधारा कोपरा हेच त्या व्यक्तीचे आयुष्य झाले. त्यामुळे घर म्हणजे माया आणि संस्था म्हणजे टाकून देणे, ही विभागणी योग्य नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, असेही म्हटले आहे. भावंडाकडे राहणे, चार-सहा जणांचे छोटे गटनिवास, निवासी संस्था, असे अनेक मार्ग आहेत. ज्या कुटुंबांनी विचारपूर्वक निवासी संस्थेचा मार्ग पत्करायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सोय कोणाची पाहिली जाते?

संस्था पाहायला गेलेले पालक बहुधा इमारत पाहून येतात. फरशी स्वच्छ आहे, बाग आहे, उद्वाहक आहे, महिन्याचे शुल्कही भरभक्कम आहे. म्हणजे व्यवस्था चांगलीच असणार, असा ग्रह होतो. हा ग्रह किती फसवा ठरू शकतो, हे इंग्लंडमध्ये २०११ साली जगाने पाहिले. ब्रिस्टॉलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांग प्रौढांना ठेवले जाई. एका व्यक्तीमागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड मोजले जात होते. बीबीसीने केलेल्या गुप्त चित्रीकरणात तेथील कर्मचारी रहिवाशांना मारताना, फरफटत नेताना आणि कपड्यांसकट थंड पाण्याखाली बसवताना दिसले. तेथील एका परिचारकाने त्याआधीच तक्रार केली होती. व्यवस्थापनाने आणि नियामक यंत्रणेने तिची दखल घेतली नव्हती. पुढे अकरा जण दोषी ठरले, त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवास झाला आणि ते रुग्णालय बंद पडले. पैसा, परवाना आणि नीटनेटकी इमारत या तिन्ही गोष्टी तिथे होत्या.

दूर कशाला जायचे? १९९४ साली शिरूर येथील शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग महिलांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळात त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे त्यासाठी दिलेले कारण होते. महिला संघटना आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. पुढे २००९ साली चंडीगढमधील एका शासकीय निवासातील महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बौद्धिक दिव्यांग स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिची संमती बाजूला सारून घेता येणार नाही.

या घटनांमधून हाती लागणारी कसोटी सोपी आहे. प्रत्येक नियमाबद्दल, प्रत्येक औषधाबद्दल एकच विचारावे : ही सोय कोणाची? रहिवाशाची की संस्थेची? संध्याकाळी सहालाच जेवण का? सगळ्यांचे केस एकाच मापात का कापलेले? दुपारी सगळेच गुंगीत का? या प्रश्नांना मिळणारी उत्तरे माहितीपत्रकापेक्षा अधिक काही सांगून जातात.

बोलता येत नाही, पण दुखते

आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने संस्थेची खरी परीक्षा आणखी एका ठिकाणी होते. ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याचे दुखणे तिथे कोणाच्या लक्षात येते का? बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या वागण्यात बदल झाला, की "तो तसाच आहे" असे म्हणून सोडून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. आमच्या व्यवसायातही आढळते. तो दिव्यांग असल्यामुळे तसा वागतो, असे मानले की आजाराचा शोधच थांबतो.

एका संस्थेतील तिशी ओलांडलेल्या तरुणाला माझ्याकडे आणले होते. दोन आठवडे तो ताट फेकत होता, स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेत होता, रात्री ओरडत होता. झोपेची गोळी वाढवून द्यावी, अशी अधीक्षकांची विनंती होती. सोबत आलेल्या मावशी मात्र हळूच म्हणाल्या, "चहा गार करूनच घेतो हल्ली. आणि घास डाव्या बाजूला जाऊच देत नाही." तोंड उघडून पाहिले, तर डावीकडच्या खालच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दंतवैद्यांनी दाढ काढली आणि आठवड्याभरात तो पूर्ववत झाला. निदान मावशींनीच करून आणले होते. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. पण सहा वर्षे त्या त्याला रोज जेवू घालत होत्या.

म्हणून संस्थेत गेल्यावर आधी विचारावे, की येथील काळजीवाहक किती वर्षांपासून काम करतात? त्यांना वेळेवर पगार आणि साप्ताहिक सुट्टी मिळते का? जिथे दर तीन महिन्यांनी माणसे बदलतात, तिथे रहिवाशाला ओळखणारे कोणी उरत नाही.

आरोग्याच्या सहा गोष्टी

*पोट साफ होणे.* ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ही बाब जिवावर बेतू शकते. कमी हालचाल, कमी पाणी आणि फिट्सच्या किंवा मानसिक आजारांच्या काही औषधांमुळे या व्यक्तींना बद्धकोष्ठता वारंवार होते. इंग्लंडमधील सफोक परगण्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या ३३ वर्षांच्या एका तरुणाचा २०१२ साली बद्धकोष्ठतेतून उद्भवलेल्या गुंतागुंतीने मृत्यू झाला. त्याला हा त्रास लहानपणापासून होता आणि आहार व शौच यांवर लक्ष ठेवून तो आटोक्यातही राहिला होता. त्याच्या निवासव्यवस्थेचे स्वरूप बदलले आणि ते लक्ष ठेवणे सुटले. संस्थेत प्रत्येकाच्या शौचाची रोजची नोंद ठेवली जाते का, हे विचारण्यात संकोच नको. तीन दिवस शौचास झाली नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर थेट रुग्णालय गाठावे.

*जेवण आणि वजन.* काहींना गिळण्याचा त्रास असतो. घास श्वासमार्गात गेला, की ठसका लागतो आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना ताठ बसवले जाते का, अन्न मऊ करून दिले जाते का, भरवणारी व्यक्ती घाई करते का, हे जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे. महिन्यातून एकदा वजनाची नोंद व्हावी. वजन वाढणे आणि अकारण घटणे, दोन्हीही महत्त्वाचे. देणगीदारांचे वाढदिवस संस्थेत साजरे होतात, तेव्हा येणाऱ्या केक-पेढ्यांचा हिशेब मधुमेही रहिवाशासाठी कोण ठेवते, हेही विचारावे.

*फिट्स.* बौद्धिक दिव्यांग व्यक्तींपैकी साधारण पाचांतील एकाला अपस्मार असतो. २०१३ साली ऑक्सफर्डमधील एका उपचार केंद्रात अपस्मार असलेला १८ वर्षांचा तरुण न्हाणीच्या टबात एकटा असताना फिट येऊन बुडाला. मृत्यूच्या चौकशीत ज्युरींनी निष्काळजीपणा हे त्यामागील एक कारण ठरवले. आपल्याकडे टबाऐवजी बादली असते, पण कडी लावलेले न्हाणीघर, ओली फरशी आणि पाण्याने भरलेले पिंप असतेच. अशा व्यक्तीच्या आंघोळीच्या वेळी कोणीतरी हाकेच्या अंतरावर असले पाहिजे. फिट आल्यावर कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यालाही हे तोंडपाठ हवे.

*दात, डोळे, कान.* "ऐकत नाही, हट्टी झालाय" ही तक्रार कानातील मळ काढल्यावर संपल्याची उदाहरणे आम्ही डॉक्टर पाहतो. मोतीबिंदू झालेली व्यक्ती पायऱ्यांना घाबरू लागते आणि आळशी ठरते. वर्षातून एकदा तिन्ही तपासण्या व्हाव्यात. इंग्लंडमध्ये १४ वर्षांपुढील बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना सर्वांगीण वार्षिक तपासणी दिली जाते. आपणही आपल्या कुटुंबवैद्यांकडे तशीच मागणी करू शकतो.

*गुंगी आणणारी औषधे.* ब्रिटिश सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ साली काढलेल्या अंदाजानुसार इंग्लंडमधील ३० ते ३५ हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढ रोज अशी मानसिक आजारांवरील औषधे घेत होते, की ज्यांसाठी त्यांच्याकडे योग्य आजाराची नोंदच नव्हती. त्यानंतर तेथे ही औषधे कमी करण्याची मोहीम हाती घेण्यात आली. औषध कोणत्या आजारासाठी आहे, कोणी सुरू केले, पुढील फेरतपासणी केव्हा आहे, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे संस्थेकडे असावीत. मात्र पालकांनी ही औषधे आपणहून अचानक बंद करू नयेत. तेही धोक्याचे असते.

*वाढते वय.* डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडची कमतरता वारंवार आढळते आणि अल्झायमरची लक्षणे चाळिशी-पन्नाशीतच दिसू शकतात. रोज स्वतः बुटांचे बंद बांधणारी व्यक्ती ते विसरू लागली, तर ती सुस्ती नव्हे. अशा वेळी रक्ततपासणी करून, कान-डोळे पाहून मगच पुढील निष्कर्ष काढावा.

दिवस कसा जातो?

शरीराची निगा राखली म्हणजे आयुष्य झाले, असे नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत ही व्यक्ती काय करते, हे तपशिलाने विचारावे. पणत्या रंगवणे, आकाशकंदील, कागदी पिशव्या, बागकाम, स्वयंपाकघरातील मदत, असे काम तिच्या आवडीचे आणि झेपणारे आहे का? की ते पाहुण्यांना दाखवण्यापुरते आहे? तिचे स्वतःचे कपाट, स्वतःचे कपडे, स्वतःचा कंगवा आहे का? महिलांना आंघोळ घालायला आणि कपडे बदलायला महिलाच असतात का? स्वच्छतागृहाला दार आहे का?

आपल्याकडे पन्नाशीच्या व्यक्तीलाही संस्थेत "मुलगा" किंवा "मुलगी" म्हणतात. त्यात माया असते, हे मान्य. पण त्याच मायेपोटी त्या व्यक्तीला कधीच काही विचारले जात नाही. निळा सदरा की पांढरा, पोळी की भात, फिरायला जायचे की नाही, एवढे तरी विचारले जावे. पाहुणे आले, की सर्वांना ओळीत उभे करून हात जोडायला आणि प्रार्थना म्हणायला लावणाऱ्या संस्थेत ही विचारपूस होत असेल का, याचा अंदाज आपणच बांधावा.

चांगले काम आपल्या राज्यात निश्चित झाले आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे पालकांनीच एकत्र येऊन उभारलेले ‘घरकुल’ हे त्याचे उदाहरण. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि मोठी झाल्यावरही त्यांना दूर केले नाही. २०२४ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृह सोडावे लागते, तेव्हा अशा मुलांनी जायचे कोठे, हा त्यांनी सातत्याने मांडलेला प्रश्न आहे.

संस्था पाहायला केव्हा जावे?

स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नये. दुपारी तीनला जावे, रविवारी जावे, शक्य असल्यास रात्री आठनंतर जावे. न कळवता आलेल्या पालकाचे स्वागत कसे होते, ते पाहावे. काळजीवाहक जवळ आल्यावर रहिवासी त्याच्याकडे झेपावतात की अंग चोरतात, यावर लक्ष ठेवावे. रात्री किती कर्मचारी जागे असतात, खोल्यांना बाहेरून कुलपे लावतात का, रहिवाशाला रुग्णालयात दाखल करावे लागल्यास सोबत कोण राहते, पुढे शुल्क भरणे कुटुंबाला जमले नाही तर काय होते, हे सर्व लेखी विचारावे. "सवय लागेपर्यंत काही महिने भेटायला येऊ नका" असे सांगणाऱ्या संस्थेबाबत सावध असावे. २०१६च्या अधिनियमानुसार दिव्यांगांसाठीच्या संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते पाहायला मागावे. गैरवर्तनाची शंका आल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देता येते आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही दाद मागता येते.

तयारी आपण असतानाच

सर्वांत वाईट प्रवेश कोणता, तर आई अतिदक्षता विभागात असताना दोन दिवसांत उरकलेला. त्या व्यक्तीचे घर, आई आणि अंथरूण एकाच दिवशी हरवते. त्याऐवजी आपले हातपाय चालत आहेत तोवर आधी दिवसभर, मग एक रात्र, मग आठवडाभर, असा क्रम ठेवावा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत अल्पकालीन निवासाची आणि ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांच्या दीर्घकालीन निवासाची कल्पना आहे. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत पूर्वतपासणीशिवाय १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो.

अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. म्हणजे पालकावरही देखरेख राहते. आपण सरकारी निवृत्तिवेतनधारक असाल, तर स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयात आपल्या हयातीतच नोंदवून ठेवावे.

या सर्व कागदांइतकाच मोलाचा आणखी एक दस्तऐवज आहे आणि तो केवळ आपणच लिहू शकता. एक साधी वही घ्या. दुखले की तो काय करतो, भूक लागली की कोणता आवाज काढतो, कशाची भीती वाटते, कोणत्या कुशीवर झोपतो, गोळी कशात मिसळली की घेतो, फिट येण्याआधी कसा दिसतो, कोणत्या गाण्याने शांत होतो, हे सारे त्यात उतरवा. चाळीस वर्षांत आपण शिकलेली ही भाषा दुसऱ्या कोणाला येत नाही. वहीची एक प्रत संस्थेत, एक भावंडाकडे आणि एक आपल्या डॉक्टरांकडे ठेवा, आणि दरवर्षी त्याच्या वाढदिवशी ती वाचून दुरुस्त करा.

संस्थेत प्रवेश झाल्यावर ही वही सर्वप्रथम मावशींच्या हाती द्या. त्यांना वाचता येत नसेल, तर शेजारी बसून वाचून दाखवा.